मल्लांचा खुराक : राजाच्या कोठारापासून घरच्या ताटापर्यंत



धन कमवावे तसे शरीरही कमवावे, अशी आपल्या भाषेची धारणा आहे. ‘कमावलेले शरीर’ हा प्रयोग आपण सहज करतो, पण त्यात बराच अर्थ साठलेला आहे. कमाई म्हटली की भांडवल आले, श्रम आले आणि काही शिल्लक टाकणेही आले. शरीराच्या कमाईत भांडवल म्हणजे आहार, श्रम म्हणजे मेहनत आणि शिल्लक म्हणजे झोप व विसावा. तालमीतले वस्ताद या भांडवलाला ‘खुराक’ म्हणतात. शब्द मूळचा फारसी. परंतु आखाड्याच्या लाल मातीत तो असा काही रुजला की आज तो परका वाटत नाही.

या खुराकाचा इतिहास मी आज थोडक्यात सांगणार आहे. वयात येणाऱ्या मुलांना भरदार दंड आणि रुंद छाती हवी असते, आणि त्यासाठी काय खावे हा प्रश्न ती वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना आणि हल्ली दुकानदारांनाही विचारतात. या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळांत कोणती दिली गेली, त्या उत्तरांचा खर्च कोणी सोसला आणि त्यांतले आज काय टिकते, एवढे पाहिले तरी पुष्कळ भ्रम दूर होण्यासारखे आहेत.

अगदी जुन्या वैद्यांपासून आरंभ करू. सारख्याने सारखे वाढते, हा चरकसंहितेतील एक मूलभूत सिद्धांत होय. शरीरातील मांस वाढवायचे तर मांसासारखे दुसरे द्रव्य नाही, असे चरकाचे मत. देह भरून आणणाऱ्या पदार्थांत त्याने मांसाला आणि जीवन देणाऱ्या पदार्थांत दुधाला अग्रस्थान दिले. सुश्रुताने त्याला एक मर्यादा जोडली : व्यायाम करावा तो आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच. आहार आणि श्रम यांचे प्रमाण जुळले पाहिजे, ही जाणीव त्या काळीही होती.

ग्रीक लोकांतही असेच विचारमंथन चालले होते. त्यांचे आरंभीचे मल्ल अंजीर, चीज आणि गहू यांवर राहत. पुढे स्टिम्फालस गावच्या ड्रोमियस नावाच्या धावपटूने मांसाहाराचा पायंडा पाडला, असे पॉसेनियस या प्रवासी लेखकाने नोंदले आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील क्रोटोनचा मायलो हा ऑलिंपिकचा सहा वेळचा विजेता. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले तशी त्याची शक्तीही वाढत गेली, अशी त्याची कथा आहे. कथेतला अलंकार सोडला तरी भार हळूहळू वाढवावा हे तत्त्व तिच्यात स्पष्ट आहे, आणि आजचे व्यायामशास्त्रही तेच सांगते. पुढे दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने मल्लांच्या अतिखाण्यावर व अतिझोपेवर कडक टीका केली. त्याआधी संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिताना मल्लाच्या सर्वांगीण संयमाचा दृष्टांत घेतला होता. ज्या नगराजवळ मोठे सामने भरत, तेथील लोकांना मल्ल म्हणजे नेमाने जगणारा मनुष्य हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता आपल्या भूमीकडे वळू. आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण हे पूर्वी कल्याणीच्या चालुक्यांचे राजधानीचे नगर होते. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत अनेक विषय त्यात आले आहेत. राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकींचे वर्णन करताना त्याने मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात मल्लांचे वय, देह आणि बळ यांनुसार वर्ग पाडले आहेत, त्यांनी कोणती मेहनत करावी ते सांगितले आहे, आणि त्यांना डाळी, मांस, दूध, साखर व उत्तम मिष्टान्ने पुरवण्याची जबाबदारी राजावर टाकली आहे. या याद्यांत एक क्रम आहे. डाळ, मांस आणि दूध यांतून मांसपेशींची घडण होते. साखर आणि मिष्टान्न यांतून श्रमाचे इंधन मिळते. ‘प्रथिन’ हा शब्द कोणाला माहीत नव्हता, तेव्हा केवळ निरीक्षणाने ही जुळणी केली गेली.

त्याच परंपरेतला दुसरा ग्रंथ म्हणजे ‘मल्लपुराण’. गुजरातेतील मोढेरा हे सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथील ज्येष्ठीमल्ल नावाची ब्राह्मण मल्लांची जमात कुस्तीलाच आपला कुलधर्म मानी. त्यांच्या या पुराणात आखाड्याची माती कशी सिद्ध करावी येथपासून डावपेचांपर्यंत माहिती आहे, आणि मल्लाने कोणत्या ऋतूत काय खावे याचाही बारकाईने विचार केला आहे. वर्षभर एकच खुराक चालत नाही. भूक, पचन आणि श्रम ऋतूप्रमाणे बदलतात, हे त्यांनी जाणले होते. या जमातीचे मल्ल जेठी म्हणून ओळखले जात, आणि बडोद्याच्या दरबारात त्यांच्या वज्रमुष्टीच्या झुंजी होत असत.

हे दोन्ही ग्रंथ आज आपल्या हाती आहेत, त्याचे श्रेय बडोद्यालाच द्यावे लागेल. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९१६ साली सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला ‘मानसोल्लास’ १९२५ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. ‘मल्लपुराण’ त्याच मालेत १९६४ साली सांडेसरा आणि मेहता यांनी संपादून छापले. त्याच नगरात जुम्मादादा या मुसलमान उस्तादाचा आखाडा होता, आणि त्यांची गादी त्यांचे हिंदू शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी चालवली. बडोद्यातच द. चिं. करंदीकर मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात मराठीत सिद्ध केले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी भाषेची केवढी सेवा होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या सर्व विद्येमागे एक व्यावहारिक सत्य होते : मल्ल पोसायला धनी लागतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे ओळखले होते. १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत त्यांनी तालमींना उदार आश्रय दिला, पंजाबकडील नामवंत मल्ल आपल्या नगरीत आणून ठेवले, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. मध्यभागी उंच केलेला हौदा आणि सभोवार चढत गेलेली प्रेक्षकांची बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे हजारो लोकांना कुस्ती विनाअडथळा दिसे. त्या मैदानाची कीर्ती सर्वांच्या कानी आहे. परंतु मैदानावर उतरणाऱ्या गड्याच्या मागे वर्षानुवर्षे पुरवलेला जो खुराक असे, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

तो खुराक कसा असे? पहाटे उठून जोर-बैठका आणि मातीतली लढत. मेहनत संपली की बदामाची थंडाई. बदाम रात्री भिजत घालावयाचे, सकाळी सोलून कुंडीत सोट्याने घोटावयाचे, आणि त्यात बडीशेप, मिरी, खसखस घालून ते दुधात मिसळावयाचे. दुपारी भाकरी किंवा चपाती, डाळ, मटण, वर तुपाची धार. सायंकाळी पुन्हा मेहनत, पुन्हा दूध. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पिण्याची चाल तर प्रसिद्धच आहे. जो मांस खात नसे त्याचा भर दूध, तूप, लोणी आणि बदाम यांवर असे. एकाच तालमीत दोन्ही प्रकारचे गडी एकमेकांशी झुंजत आणि कोणीही दुसऱ्याच्या ताटाला नावे ठेवीत नसे. जेवणाइतकाच नेम झोपेचा होता. दुपारची वामकुक्षी आणि रात्री लवकर निजणे हा आळस मानला जात नसे. तो मेहनतीचाच भाग होता.

मग स्वातंत्र्य आले आणि संस्थाने विलीन झाली. १९४९ साली १ मार्चला कोल्हापूर आणि १ मे रोजी बडोदे मुंबई राज्यात सामील झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण तालमीतल्या गड्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे कोठार बंद झाले. या बदलाचे चित्र एकाच मल्लाच्या चरित्रात पाहावयास मिळते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला; तेथे त्यांचा सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा तो आधार राहिला नव्हता. गावोगावी वर्गणी जमली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले. १९५२ च्या जुलै महिन्यात खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांची लढत ५७ किलोंच्या वजनगटातली होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. जगाने गौरवलेला हा मल्ल पर्वतप्राय नव्हता. जे काही शरीर होते ते पुरेपूर कमावलेले होते.

१९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. सीमाभागातील शेतकऱ्याचा मुलगा कोल्हापूरच्या तालमीत राहून देशाचा पहिला हिंदकेसरी होतो, या घटनेत त्याच्या कष्टांइतकाच त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या घराचाही वाटा मानला पाहिजे. राजाच्या जागी आता बाप आला होता. कोठे दुभती म्हैस मुलाच्या नावाने राखली जाई, कोठे भावंडांच्या वाट्याचे दूध तालमीकडे जाई, कोठे जमिनीचा तुकडा विकला जाई. मुलाचे नाव झाले तर खर्च सार्थकी लागे. न झाले तर घर कर्जात बुडे. ही कहाणी अनेक गावांत घडली, आणि तिचे वळ अजून पुसलेले नाहीत.

येथे साहजिकच प्रश्न उभा राहतो : शरीर कमवायला इतका खर्च खरोखर आवश्यक आहे काय? याचे उत्तर प्रयोगशाळांतून आले, पण सहजासहजी नव्हे. १८४२ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की स्नायू काम करताना स्वतःचेच द्रव्य जाळतात. म्हणून श्रम करणाऱ्याने मांसासारखे अन्न भरपूर खाल्ले पाहिजे. १८६५ साली फिक आणि विस्लिसेनस हे दोन शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न नावाचे शिखर चढून गेले. या काळात त्यांनी पिष्ट, चरबी आणि साखर यांखेरीज काही खाल्ले नाही. नंतर मूत्रातील नत्राचे मोजमाप केले तेव्हा दिसले की एवढ्या चढणीची शक्ती प्रथिन जाळून मिळालेली असणे शक्यच नव्हते. श्रमाचे इंधन मुख्यतः पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांतून येते. प्रथिनाचे खरे काम बांधणीचे आणि दुरुस्तीचे. तरीही कामकऱ्याला रोज ११८ ग्रॅम प्रथिने हवीत, हा जर्मन शास्त्रज्ञ फॉइट यांचा दंडक बराच काळ प्रमाण मानला गेला. १९०४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या चिटेंडन यांनी सैनिक आणि खेळाडू यांना त्याच्या जवळपास निम्म्या प्रथिनावर कित्येक महिने ठेवून त्यांची ताकद टिकून राहते, असे दाखवले.

आपल्या देशातील प्रयोग दक्षिणेत कुन्नूर येथे झाले. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी भारतातील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांच्या गटांना देऊन त्यांची वाढ मोजली. सर्वांत उत्तम वाढ झाली ती शीख लोकांच्या आहारावर, म्हणजे न चाळलेल्या गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ, भाज्या आणि प्रसंगी मांस यांवर. त्या क्रमात पठाणांचा आहार दुसरा आणि मराठ्यांचा तिसरा ठरला. घरात सहज मिळणाऱ्या पदार्थांची योग्य जुळणी झाली की उत्तम शरीर घडते, हा त्याचा सरळ अर्थ. कुन्नूरची ती संस्था १९५८ साली हैदराबादला आली, आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे.

आता आजचे ज्ञान पाहू. स्नायूवर नेहमीपेक्षा थोडा अधिक भार पडला की तो बळकट होण्याची प्रक्रिया शरीरात सुरू होते, आणि पुढचे एक-दोन दिवस ती चालू राहते. त्या काळात प्रथिने, पुरेसे उष्मांक आणि झोप मिळाली तरच बांधणी होते. सामान्य प्रौढ मनुष्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते, असे भारतीय मानक सांगते. भाराचा व्यायाम करणाऱ्यांवरील ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिन वाढवून स्नायूंच्या वाढीत विशेष भर पडत नाही.

हा हिशेब घरच्या ताटात मांडून पाहू. मुलाचे वजन ६० किलो धरले तर त्याची गरज ९६ ग्रॅमच्या आसपास येते. दिवसभरात ज्वारी किंवा गव्हाचे पीठ मिळून ३५० ग्रॅम पोटात गेले तर त्यातून सुमारे ३७ ग्रॅम प्रथिन मिळते. आमटी आणि उसळ मिळून १०० ग्रॅम डाळ-कडधान्यातून २२ ग्रॅम, पाऊण लिटर गाईच्या दुधातून २४ ग्रॅम, आणि मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२ ग्रॅम. बेरीज ९५ ग्रॅम झाली. जो अंडी खातो त्याने शेंगदाण्यांच्या जागी दोन अंडी घेतली तरी हिशेब तोच राहतो. भाजी, फळे, थोडा गूळ आणि तेल-तूप यांनी उष्मांक भरून काढावेत. वजन वाढवायचे तर नेहमीच्या गरजेपेक्षा रोज तीनशे ते पाचशे उष्मांक अधिक पुरतात. दोन भाकऱ्या आणि एक केळे यांतच ते होऊन जाते. एकाच वेळी पोट तुंब भरण्यापेक्षा हे अन्न तीन-चार जेवणांत विभागणे श्रेयस्कर.

जुन्या खुराकाला ही कसोटी लावली तर काय दिसते? दूध, डाळ आणि मांस पूर्ण उतरतात. तूप हे उत्तम इंधन आहे, पण त्यात प्रथिन नाही. म्हणून मेहनत सुटूनही तूप सुटले नाही तर पहिलवानाचे पोट सुटते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. बदामाचा मान मोठा. परंतु १०० ग्रॅम बदामांत सुमारे २१ ग्रॅम प्रथिन आणि तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम असते. गरिबाचा शेंगदाणा या बाबतीत श्रीमंताच्या बदामाला हार जाणारा नव्हे. धारोष्ण दुधाचा आग्रहही सोडावा. कच्च्या दुधातून रोगजंतू जाण्याचे भय असते, आणि तापवल्याने त्यातले प्रथिन नाहीसे होत नाही. अंडे कच्चे फोडून पिण्यापेक्षा उकडून खाल्ले तर त्यातील प्रथिन शरीराला अधिक लागते.

हल्ली खुराकाच्या नावाखाली डबे आणि बरण्या विकल्या जातात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत शरीर फुगवण्यासाठी प्रथिनाची पूड घेणे टाळावे, असाच सल्ला दिला आहे. ज्या पैशांत एक डबा येतो, त्या पैशांत घरातल्या सर्व मुलांना कित्येक दिवस दूध आणि उसळ मिळेल. कोणी लवकर शरीर येण्यासाठी गोळी किंवा टोचणी सुचवली, तर पालकांनी मुलाला त्या माणसापासून दूर न्यावे. अशा औषधांनी हृदय, यकृत आणि पुरुषत्व यांवर आघात होतो. ती कमाई नव्हे, ते सावकारी कर्ज आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

मानसोल्लासापासून खासबागेपर्यंतचा हा इतिहास मला एक गोष्ट शिकवतो. राजाने मल्लाला जे दिले त्यात बदाम आणि मिष्टान्न यांपेक्षा मोलाचे काही होते, ते म्हणजे उद्याच्या जेवणाची खात्री. आज मेहनत केली तर संध्याकाळी ताट भरलेले असेल, उद्याही असेल आणि पुढच्या वर्षीही असेल, या भरवशावर शरीर घडत होते. चार दिवस मेजवानी आणि चार दिवस उपास अशा रीतीने कोणाचेही शरीर कमावले जात नाही. राजे गेले, ती खात्री देण्याचे काम आता घराचे आहे, आणि जेथे घर दुबळे आहे तेथे गावाचे, शाळेचे आणि सरकारचे आहे. वर जे ताट मांडले ते फार महाग नाही. पण आपल्या आसपासची किती मुले आज डाळ-भाकरी, पेलाभर दूध आणि मूठभर शेंगदाणे यांना दररोज, न चुकता, पारखी नसतात, याचा विचार प्रत्येकाने आपल्या आळीपुरता तरी करावा. त्यांतला एखादा खाशाबा होईल न होईल. पण निरोगी आणि कष्टाला न भिणारी माणसे त्यांतून खात्रीने घडतील.